जोखू नका

या काट्यावर पूर्वी ओकची साल तोलायचे,
बुचाची, गाडीभर, आणि हिशेब मालकाचा.
इओलांडाने तो गोदामातून बाहेर काढला, गंज तसाच ठेवला,
चौकात उभा केला आणि खाली फरशीवर
खडूने लिहिलं:
मालकाचं नाव या रस्त्याला राहू द्यायचं का?

ज्याला जे वाटेल त्या पारड्यात एक बूच टाकायचं.
बस्स. हीच कला, म्हणाली.
आम्ही हसलो. बुचाचं वजन ते काय!
वारा सुटला की मतं कॅफेच्या खुर्च्यांखाली,
पोरं ती हुडकून आणत, आणि भांडत,
हे ‘हो’चं की ‘नको’चं.

तरी चार दिवसांत काटा हलायला लागला.
न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धवट सोडून मत दिलं.
कार्व्हाल्याच्या दोघी बहिणी, पंधरा वर्षांचा अबोला,
एकाच पारड्याशी आल्या
आणि तशाच गेल्या, दोन दिशांना.
कुणी बुचावर बापाचं नाव कोरलं,
संपात उचलून नेलेल्या बापाचं.

रात्रीचा पहारा माझा होता.
डुलकी लागली, खोटं कशाला बोलू.
सकाळी ‘राहू द्या’चं पारडं जमिनीला टेकलेलं,
बुचांच्या तळाशी धोंडा,
नांगरटीत निघतो तसला, मातीसकट.

इओलांडा तो काढायला वाकली.
म्हातारी देओलिंदा म्हणाली, थांब.
ह्याला मी ओळखते.
माझ्या लहानपणी पेट्या
मतदानाच्या आदल्या रात्रीच भरायच्या.
तेव्हा हा कागदाचा होता.
मग काठी आपटून:
जोखू नका. मोजा.

मोजली. चर्चच्या पायऱ्यांवर, दहादहाच्या ढिगांनी, मोठ्याने.
पावाच्या गाडीवाला शेजारच्या गावचा,
म्हणून रेघा ओढायला तो.
धोंडा बाजूला ठेवला होता,
त्यावर बसून कुणीतरी संत्रं सोललं.
‘नको’ सतरांनी पुढे.

सगळे जेवायला पांगल्यावर झेफेरीनो आला,
मुकादमाचा मुलगा.
चार दिवस खिशात धरलेलं बूच
घामाने काळं पडलेलं.
आता टाकून काय उपयोग, त्याने विचारलं.
उपयोगाचं कोण बोलतंय, म्हातारी म्हणाली,
आणि चष्मा पुसत राहिली.

मी पाठ फिरवली.
पहाऱ्यावर होतो मी, या वेळी टक्क जागा.
बूच पडल्याचा आवाज
होत नाही.