साठ लिटर

सॅस्कटूनपासून समुद्र दोन दिवसांच्या गाडीवर.
मी इथे मीठ विकते, बादलीच्या हिशेबाने,
आणि माशांना 'नको' म्हणायला शिकवते लोकांना.

बाहेर उणे एकतीस.
ओरेस्ट हनात्युकच्या भुवयांवरचं दंव अजून वितळलेलं नव्हतं
आणि त्याने काचेवर बोट टेकवलं : हा, निळा.

हा नाही.
तुमचं पाणी साठ लिटर. हा एका दुपारी जेवढा हिंडतो
तेवढं तुम्ही महिन्याभरात चालत नसाल.
तो हसला नाही. चाळीस वर्षं धान्यकोठारांचा तपासनीस,
'नाही' त्याने ऐकवलेलं, ऐकलेलं नाही.

मग तो काटेरी?
मोठा होईल, शेजारी गिळेल.
मग ती नक्षीची, मँडरिन?
ती जिवंत किडेच टिपते. तुमच्या खडकावरचे
पंधरवड्यात संपतील, मग नक्षी उरेल.

मग ठेवू काय? पाणी?

मी त्याला खालच्या टाकीपाशी वाकवलं.
करंगळीएवढा पिवळा गोबी, बिळाच्या दारात उभा.
आत एक झिंगा, जवळजवळ आंधळा, वाळू उपसतोय,
उपसतोय, एक मिशी माशाच्या अंगाला लावून.
माशाने शेपूट हलवली. दोघेही आत.

ओरेस्ट बराच वेळ गुडघ्यांवर राहिला.
'हे दोघं. एकाच पिशवीत.'
पिशव्या वेगळ्याच बांधाव्या लागतात.
मी बांधल्या.

मार्चमध्ये तो फोनवरचा फोटो घेऊन आला, खुशीत :
फुकटचं फूल उगवलंय.
पारदर्शक देठ, तपकिरी बोटं.
फूल नाही ते, म्हटलं. ऐप्टेशिया.
माझ्याच दुकानातल्या खडकावरून गेलं होतं.
हे मी तेव्हा बोलले नाही.

त्याने ब्लेडने खरवडलं. न विचारता.
जेवढे तुकडे, तेवढी नवी रोपं.
ईस्टरपर्यंत तेवीस. मोजायची सवय होती त्याला.
'पोत्यात सोंडा एक दिसला,' तो म्हणाला,
'की शंभर धरून चालायचं.'

मी दोन पट्टेरी कोळंब्या दिल्या, ही त्यांचं खाद्य म्हणून.
त्या गोबीच्या वाट्याचं खाऊन टुमटुमीत झाल्या.

शेवटी चुना.
वरची निवळी प्रवाळांना, खालचा दाट गाळ या पिकाला,
बोहोलला माझी आत्या सुपारीसोबत खायची तितका दाट.
पंप बंद करायचा. सुई तोंडाशी न्यायची, अगदी हळू,
त्याने अंग चोरायच्या आधी.
मात्र सुई बारीक हवी.

'घरी आहे सुई.'

रविवारी गेले, टॉर्च धरायला.
स्वयंपाकघरात चमच्यांखालच्या खणात खोकं,
त्यावर औषधाच्या दुकानाचं लेबल, स्टेफानिया हनात्युक,
रोज सकाळी, जेवणाआधी.
तारीख दोन वर्षांपूर्वीची.
मी लेबल वाचलं नाही असं दाखवलं.
तोही तसंच.

कोपरापर्यंत बाही, हात पाण्यात.
थरथरणारा हात पाण्यात गेल्यावर थरथरला नाही.
सुई तिरपी. दट्ट्या सावकाश.
मग सुई तशीच ठेवून दहापर्यंत मोजणं,
जे चुन्याला लागत नाही.

दर वेळी तो काहीतरी पुटपुटायचा, युक्रेनियनमध्ये.
सातव्या की आठव्याला मी विचारलं.
'काही नाही,' म्हणाला. 'थोडं टोचेल, असं.'

पांढरे ठिपके खडकावर बसत गेले.
फटीतून एक केसाळ किडा बाहेर आला,
ओरेस्टची सुई त्याच्याकडे वळली.
राहू द्या, म्हटलं, तो मेलेलं खातो,
घरात कुणीतरी हे करणारं लागतं.
खाली झिंग्याला कशाचाच पत्ता नव्हता.
खणत होता.

निघताना, बूट चढवताना, मी सांगितलं
खडक माझ्याकडूनच गेला होता.
'ठाऊक आहे,' तो म्हणाला. 'तपासनीस होतो मी.'

मेमध्ये नदीवरचा बर्फ फुटून गेल्यावर त्याचा फोन.
फिल्टरच्या मागे पुन्हा उगवलंय.
किती?
दोन.
आवाजात दुःख नव्हतं, मी नीट ऐकलं.
'सुया आहेत अजून,' म्हणाला,
'तू टॉर्च आण.'