फीत

रुम्फीच्या पुढे, मिशनच्या जीपचं टायर जिथं दोनदा बसलं,
तिथं चर्चच्या मागे, आंब्याखाली, आमचं टेबल.
माझ्या हातात एक फीत:
लाल, पिवळी, हिरवी.
लेकराच्या दंडाला गुंडाळायची,
खिडकीत जो रंग येईल तो वहीत लिहायचा.
तीन आठवडे हेच माझं पुण्य.

पोरांचं वेगळंच चाललेलं:
ही म्झुंगू की म्वेन्ये?
गोरी म्हणावी तर गोरी नाही,
दुकानदारीण म्हणावी तर दुकान कुठंय?
शेवटी एकानं माझ्या कोपराला बोट लावलं, हुंगलं,
आणि निकाल दिला.
काय दिला, ते मला कुणी सांगितलं नाही.

सुझगो नऊ वर्षांची. पाठीवर चितेंजेत बांधलेला वेझी.
नावाचा अर्थ विचारला तर दुभाष्या अडखळला.
तीच म्हणाली, 'संकट.'
आणि अशी हसली, जणू गंमत माझ्याच नावात होती.
ती जन्मली त्या आठवड्यात वाऱ्यानं छप्पर नेलं होतं, एवढंच.
छप्पर परत आलं. नाव राहिलं.

वेझीचा दंड पिवळा.
मी लिहिलं: पिवळा. दोन आठवड्यांनी पुन्हा.
पिवळा म्हणजे?
मी म्हटलं, थोडं कमी.
'कशापेक्षा?'
मी पान उलटलं.

दुपारी गर्दी ओसरली तशी तिनं फीत मागून घेतली.
कोंबडीचा पाय: लाल.
टेबलाचा पाय: हिरवा.
पाळकबाबांचा अंगठा लाल, फारच लाल,
ते स्वतःच हसत बसले.
मग माझा दंड. फीत पुरेना.
दोन टोकांत उरलेलं अंतर तिनं बोटांच्या चिमटीत धरलं
आणि ते अंतर घेऊन झाडाभोवती फिरली,
एकेकाला दाखवत.
मी बाही खाली ओढली. उकाडा होता तरी.

फेब्रुवारी सरत आलेला.
कोठीतला मका संपलेला, शेतातला अजून दुधावर.
तिनं कुठूनसं एकच कणीस आणलं,
भाजलेलं, एका अंगानं करपलेलं.
ओळी मोजल्या. चौदा.
आम्ही तिघं. चार, चार, चार.
उरलेल्या दोन?
तिनं मला विचारलं नाही.
'पिवळ्याला,' म्हणाली.

मी म्हटलं, नको गं, मी जेवलेय.
जेवलेच होते. बिस्किटं, वर केळं.
ती थांबली, दाणे मुठीत.
मग मोठ्या बायका टाकतात तसा उसासा टाकून
माझा एक हात धरला,
त्याच्या शेजारी दुसरा आणून ठेवला,
ओंजळ झाली.
'असं. एका हातानं घेत नाहीत.'

ठाऊक होतं मला हे.
तीर्थाला, प्रसादाला.
माणसाकडून घेताना कधी लागलं नव्हतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा फीत.
पिवळीच. हिरव्याच्या जरा जवळ,
की मलाच तसं पाहायचं होतं?
तिनं वाकून खिडकी पाहिली, माझं पेन पाहिलं,
वेझीला पाठीवर टाकलं आणि निघाली.
पंपावर तिचा नंबर आला होता.

मी मागून म्हटलं, येवो.
तिच्या भाषेत ते आभार.
माझ्या भाषेत अर्धंच वाक्य:
काय येवो, कुणाकडे येवो,
ते सांगायचं राहिलेलं.