कसंतरी

डंडीत, दातांच्या दवाखान्यावरच्या खोलीत
मॉर्व्हेन विचारते, नेमकं काय होतं?
मी म्हणते, कसंतरी होतं.
पुढे इंग्रजी सुचत नाही.
ती घाई करत नाही. खालून ड्रिलची घरघर.

सहाव्या गुरुवारी वहीत बघून
तीच म्हणते, आज किती कसंटरी?
मला हसू फुटतं, मग रडूच,
टिश्यूंचा अर्धा खोका संपेस्तोवर.

बाहेर चारलाच टे नदीवर अंधार.
आईला फोनवर सांगते, दातांचं काम लांबलंय.

घरी कुकर लावते, एकटीपुरता.
आठ महिने सिंकपाशी उभ्यानंच
गिळत होते काहीबाही.
आज ताट घेतलं, खुर्ची ओढली,
डावीकडे मीठ, लिंबाची फोड,
पाहुणीला वाढावं तसं.

भात जरा कच्चाच राहिला.
खाल्ला, सावकाश.