ओरखडा

वित्से झाडूचा दांडा दातांत धरायचा
आणि दुसरं टोक पंपाच्या अंगाला टेकवायचा.
कान फसतो, म्हणायचा, जबडा नाही.
आमच्या फ्रीसलंडात जमीन समुद्राच्या दीड मीटर खाली.
तिन्ही पंप थांबले तर
आधी बीटाची शेतं, मग गायी,
मग माझ्या आत्याचं स्वयंपाकघर.
म्हणून कुणीतरी ऐकत बसावं लागतं.

मी डेल्फ्टहून आले ती नाण्याएवढे सेन्सर घेऊन,
लोहचुंबकाने चिकटणारे.
एकोणीस महिने थरथर गोळा केली,
सेकंदाला वीस हजार आकडे,
आणि ते सगळे न्यूरल नेटवर्कला भरवले
रात्र रात्र, थरामागून थर.
ते शिकलं.
फार मन लावून शिकलं, एकच शब्द:
ठीक.
काहीही विचारा, ठीक.
लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीच्या पत्रासारखं.

बिघाडाचे नमुने कुठे आहेत?
वित्सेने खांदे उडवले.
एकतीस वर्षांत त्याने एकही बेअरिंग
मरेपर्यंत चालू दिलं नव्हतं.
दुखणं अंगावर काढायची मुभा
त्याच्या पंपघरात कुणालाच नव्हती,
त्याचा स्वतःचा गुडघा सोडून.
बिघाडाच्या फोल्डरमध्ये शून्य फाइली.
हयातभराच्या कामाचा पुरावा
इतका रिकामा असू शकतो,
हे डेल्फ्टला शिकवत नाहीत.

मग मी ते मागितलं.
नवं बेअरिंग घे, आणि मुद्दाम बिघडव.

तीन दिवस तो माझ्याशी फक्त हवामानावर बोलला.
चौथ्या दिवशी मेणकागद उलगडला.
तेलाचा गोडसर वास,
आतली धाव इतकी लखलखीत
की तिच्यात त्याचं नाक उलटं दिसत होतं.
विजेची कोरणी हातात घेतली
आणि नुसताच बसला.
"उभ्या जन्मात नवी वस्तू ओरखडली नाही," म्हणाला,
"सायकलसुद्धा."

पहिला ओरखडा, दोन केसांइतका.
नेटवर्क म्हणालं, ठीक.
वित्सेच्या दातांत दांडाही नव्हता, तरी तो दचकला.
"वाटाण्याच्या सूपमध्ये खडा."
दुसरा, जरा खोल. ठीक.
तिसऱ्याला पडद्यावरची रेघ हलली.
शुक्रवारपर्यंत अकरा जखमा.
प्रत्येकीला मी आकडा दिला, त्याने नाव:
ओलं लाकूड,
बर्फावर ओढलेली खुर्ची,
पाद्री खोकण्याआधी घेतो तो श्वास.
नावांसाठी रकाना नव्हता.
मी ती वहीच्या मागच्या पानावर लिहिली, पेन्सिलीने.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. केक झाला, भाषण झालं.
दांडा कपाटामागे तसाच राहिला.

नोव्हेंबर. रात्रीचे तीन वाजून दहा.
पंप दुसरा, वर्ग सातवा, एकाहत्तर टक्के.
वायव्येचा वारा, कालवा काठोकाठ.
असल्या रात्री पंप थांबवायचा म्हणजे
दुसऱ्याच्या गायी पणाला लावायच्या.
मी दांडा दातांत धरला.
जुन्या तेलाची चव,
त्याच्या दातांच्या खाचांत माझे दात बसेनात,
आणि एक घरघर,
कालच्या घरघरीसारखीच.
तरी थांबवला.

पहाटे उघडलं. बॅटरीच्या झोतात
धाव अगदी स्वच्छ.
पोटात गोळा आला.
मग नख फिरवलं, हळू,
आणि एका जागी ते अडकलं.
हा कुणी केलेला नव्हता.

वहीचं मागचं पान काढलं.
सातवं नाव पुसून गेलं होतं.

आठ वाजता त्याला फोन केला.
पाणी किती चढलं, कोण कोण आलं होतं,
काही विचारलं नाही त्याने.
"आवाज कसा होता?"
"एकाहत्तर टक्के," मी म्हणाले.
पलीकडे बराच वेळ
चमचा कपात फिरत राहिला.