सातू

कानाझावात शार्दूलनं मला जिथं नेलं
त्याला तो "जेवायची जागा" म्हणाला.
अर्धं खरं सांगायचं. बापावर गेलाय.

वाकून शिरायचं दार. आत सात स्टुलं,
एकावर मांजर.
खुंट्यांवर ओले कोट,
आणि लाकडी फळीमागे एक बाई, माझ्याच वयाची,
पदर नाही म्हणून कमरेला पंचा खोचलेला.
तिनं मान लववली. मी नमस्कार केला.
ती परत लवली, मी परत हात जोडले,
आधी थांबायचं कुणी ते दोघींनाही कळेना.

"आई, बिअर आहे. घरचीच, मागच्या खोलीत करतात.
एक घोट घे. नको वाटली तर मी आहे."
अठ्ठावन्न वर्षं बडोद्यात काढलेल्या बाईला
हे असं सांगतात,
जसं काही आमटीचं मीठ बघायचंय.

घेतला.
कडू. मग जिभेच्या कडेला इडलिंबाची साल,
आणि ग्लास खाली ठेवल्यावर, उशिरा,
एक ओळखीचा वास.
कशाचा बाई, कशाचा,
सातूचा!

सातू मला कुणी शिकवायला नको.
यांना मुतखडा झाला तेव्हा दोन वर्षं
रोज पहाटे उकळला, गाळला,
बाटलीत भरून डब्याबरोबर कारखान्यात धाडला.
हे म्हणायचे, ह्यात काही राम नाही गं.

राम कशात होता ते मला ठाऊक होतं.
महिन्या-दोन महिन्यांनी "साहेबांबरोबर जायचंय", दमणला.
मध्यरात्री वेलदोडा चघळत जिना चढायचे,
चपला हातात.
मी दिवा न लावता पडून, भिंतीकडे तोंड.
सकाळी चहा द्यायचे, पण कप असा ठेवायचे
की बशीलाही कळावं.

बाईनं एक वाटी पुढं सरकवली.
वाफ. तीळ. काळसर रस्सा. आणि त्यात,
"अळकुड्या!"
मी मराठीत ओरडले. मांजर उठून गेलं.
शार्दूल फोनमध्ये शब्द शोधत बसला,
फोन म्हणाला काहीतरी, सगळे हसले,
बाई आत गेली न् मातीसकट एक कांदा घेऊन आली,
केसाळ, तसाच, खंडेराव मार्केटातला असावा असा.
मी मनगट खाजवून दाखवलं.
तिनंही खाजवलं.
मग चिंचेचं कसं सांगू, ते राहिलंच.

अर्धा ग्लास झाला तेव्हा शार्दूल म्हणाला,
"बाबांना आवडलं असतं."
मी म्हटलं, "त्यांना काय कळणार ह्यातलं,
त्यांचं ते दमणचं."
आणि गप्प झाले.
दमणचं ते कसं लागायचं
मला तरी कुठं माहीत?
सव्वीस वर्षांत विचारता आलं असतं
एकदा, अंधारातच,
काय हो, कडू असते का?

निघताना बाईनं ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती
पुसून माझ्या हातात दिली.
बगळा काढलाय तिच्यावर, आणि दोन अक्षरं
जी मला येत नाहीत.

आता दांडिया बाजार. मे महिना.
चकती देवघराच्या फळीवर पाहून
शेजारच्या हंसाबेननी विचारलं, "आ शुं छे?"
मी म्हटलं, तिकडचं आहे, जपानचं.
त्यांनी ती उचलून दोन्ही डोळ्यांना लावली.
मी काही बोलले नाही.
अर्धं खरं सांगायचं मलाही जमतं.

दुपारी सातू उकळते. गाळते. गार करते.
लिंबाची साल किसून टाकते, थोडी जास्तच.
चकतीवर ग्लास ठेवला की बगळ्याचे पाय भिजतात.
एक घोट घेते,
आणि भिंतीवरच्या फोटोला सांगते,
बरोबर होतं हो तुमचं.
ह्यात काही राम नाही.