उसनं

हेल्दुर म्हणाला, यात जादू काही नाही.
फ्रिज आठव. आतली ऊब तो पाठीमागच्या जाळीतून
बाहेर टाकत असतो दिवसरात्र.
आपण फक्त त्याचं दार
बागेकडे उघडायचं.

सामूहिक शेतीची डेअरी मोडली त्या वर्षी
कुणी पत्रे नेले, कुणी खिडक्या,
एकानं जेवणाच्या सुट्टीची घंटा.
हा हातगाडीवर दुधाच्या टाकीचा कॉम्प्रेसर घेऊन आला.
तीस वर्षं तो आमच्या गोठ्यात गोणपाटाखाली पडून होता.
दर नाताळात हेल्दुर त्याचं चाक हातानं एकदा फिरवायचा,
अंथरुणाला खिळलेल्या माणसाची
कूस बदलावी तसं.

मी विचारलं नाही कशासाठी.
आमच्याकडे व्होरूच्या बाजूला बायका
असलं काही विचारत नाहीत,
नुसत्या भांडी जोरात ठेवतात.

मग ऑगस्टमध्ये चर.
बटाट्याच्या वाफ्यापासून सफरचंदापर्यंत चार,
छातीइतके खोल.
तिसऱ्यात एन्देलचं खोदयंत्र बसलं,
चौथा फावड्यानं.
दगडच दगड, पावासारखे गोल,
हिमनदीनं आणून टाकलेले आणि विसरलेले.
काळ्या पाइपचं तीनशे मीटरचं वेटोळं
ऊन दाखवल्याशिवाय सरळ होईना.
एक टोक धरून मी उभी,
दुसरं टोक कुठंतरी जमिनीखाली,
आणि मध्ये हेल्दुरच्या शिव्या.

पाइपात पाणी आणि स्पिरिट.
एन्देलनं वास घेतला,
किती लिटर, एवढंच विचारलं.

ऑक्टोबरात पहिल्यांदा बटण दाबलं.
चाक फिरलं, पट्टा किंचाळला,
टाकीतलं पाणी होतं तसंच गार.
कुठंतरी गॅस निसटत होता.
तीन रात्री हा बॅटरी घेऊन सांधे बघत बसला,
डाग दिलेला प्रत्येक सांधा, चष्मा पुसून पुसून.
चौथ्या दिवशी मी भांड्यांचा साबण वाटीत कालवला,
ब्रश घेतला,
आणि एकेक सांधा रंगवत गेले.
अकराव्यावर फुगा आला.
मोहरीएवढा.
वाढला, फुटला, पुन्हा आला.
मी काही बोलले नाही.
तोही नाही.
बोट ठेवलं मी त्या जागेवर,
आणि त्यानं दिवा पेटवला.

जानेवारीत बाहेर उणे चोवीस.
खिळ्यावर अडकवलेला टॉवेल पाटीसारखा ताठ.
आणि छातीइतक्या खोलवर पाच अंश.
हातात घ्याल तर गारच म्हणाल.
त्या गारठ्यातून ऊब काढायची,
पातळ ताकातूनही लोण्याचा कण काढावा तशी.
शेवटी डेअरीचाच माणूस.

नळातून सत्तेचाळीस अंश आले.
सांधे धरलेली माझी बोटं
मी धारेखाली ठेवली
आणि धुतलेल्याच बशा
परत एकदा धुतल्या.

एप्रिलात सगळ्या बागेतलं बर्फ गेलं.
चार पट्टे तेवढे राहिले, पांढरे, सरळ,
बटाट्यापासून सफरचंदापर्यंत.
एन्देल कुंपणाशी थांबून बघत राहिला.
जमिनीखाली काय पुरलंय
ते असं वर लिहून आलेलं.
त्या पट्ट्यातला माझा रुबार्ब सोळा दिवस उशिरा उगवला.
हेल्दुरनं वहीत नोंद केली,
पंप: सात महिने. वीज: इतकी. लाकूड वाचलं: इतकं.
रुबार्बला त्याच्याकडे रकाना नव्हता.

उसनी वाटी रिकामी परत करू नये म्हणतात.
आम्ही तर वाटीच परत केलेली नाही.
जूनमध्ये ते ऊनच फेडत बसतं,
रात्री अकरापर्यंत, आमच्या नावानं,
न बोलता.

सांजवेळी मी तळहात टेकवून बघते मातीवर.
कोमट.
अजून खोल गेलेलं नसणार.

त्या चार ओळींवर आता मी कोबी लावते.
त्याला घाई नसते.