नुसता आकडा

शुक्रवार पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात,
सोनाक्का हावळांनी बोलावलं ते
मशीन दुरुस्त करायला नव्हे.
"बघा आणि आकडा सांगा," म्हणाल्या,
"नुसता आकडा."

झाकण उचललं.
कुणीतरी मधे कधी गोडेतेल घातलेलं,
त्याचा डिंक झालेला. तिथंच दोनशे कमी केले.
हाताच्या टेकणीपाशी सोनेरी वेल पुसलेली.
नंबर नखानं मळ खरवडून वाचला, वहीत उतरवला.
भरीव बीड. शटल मूळची. दात झिजलेले.
पट्ट्याच्या जागी चपलेची वादी,
सुभाषनगरातल्या कुणाकडून तरी आणलेली,
तारेनं टाचलेली, पण घट्ट.
आणि चारी पायांवर, एकाच उंचीला,
गंजाची सरळ रेघ.
"एकोणीसचं पाणी," त्या म्हणाल्या.
"डोकं तेवढं माळ्यावर चढवलं. पाय राहिले."

लक्ष्मीपुरीत किलोवर घेतात.
पुण्याचा एकजण येतो महिन्यातनं एकदा,
त्याला नुसते पाय लागतात, वर काच टाकून
हॉटेलात टेबल करतो,
डोकं ठेवा म्हणतो तुम्हालाच.
दोन्ही हिशेब मी शेजारी शेजारी मांडले.

मग खाली वाकलो, पायडल बघायला.
लोखंडी नक्षी वर्षांनी बोथट होतेच, पण इथली
झीज अरुंद होती,
उजव्या अंगाला, टाचेपाशी खोल.
बाहेर पाटी अजून आहे: ग. भा. हावळ, टेलर.
गणपतरावांना मी ओळखत होतो.
दहा नंबरची चप्पल लागायची त्यांना, तीही चेपून.

मी काही बोललो नाही.
सोनाक्कांनी लुगड्याचा काठ पायावर ओढला.
"लंगोट मी शिवायची," म्हणाल्या, "अख्ख्या तालमीचे.
वस्ताद पैसे ह्यांच्या हातात द्यायचे."

थोड्या वेळानं:
"एकोणऐंशीला वाटण्या झाल्या.
दिराला रस्त्याकडच्या दोन खोल्या.
आम्हाला ही मागची, आणि मशीन.
मामंजी म्हणाले, बरोबरीचंच झालं की.
परवा दिराच्या पोरानं त्या खोल्या विकल्या.
किती आले ते गल्लीला ठाऊक आहे.
म्हणून म्हटलं, बघावं तरी.
बरोबरीचं होतं काय?"

मी पेन्सिल कानावर ठेवली.
"विकायचीय का?"
"कोण म्हणालं?"

मग काय करणार. रॉकेलनं डिंक धुतला,
चांगलं तेल सोडलं चार भोकांत,
चाक हातानं फिरवलं. बॉबिनवर अजून
हातभर लाल दोरा होता. चिंधी सरकवली.
दोन टाके बसले, तिसरा सुटला.
पुन्हा दोन, पुन्हा तिसरा.
"सुटतोय," मी म्हणालो.
"पहिल्यापासनं. तिसऱ्याला मी
टाच जरा जास्त दाबायची."

चहा झाला. पन्नासची नोट
त्यांनी बशीखाली सरकवली, माझ्याकडं न बघता.
"आकडा?"
"साडेतीन हजार. पाय धरून."
त्या तो आकडा
तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, दोनदा,
खडू उचलण्याआधी माप म्हणतात तसा,
आणि झाकण लावलं.